वायनरीतल्या आक्का

“बसले का सगळे?”

स्वयंपाकघराच्या दारात उभं राहून, पदराला हात पुसत आक्का हे विचारायच्या. कुणी “हो” म्हटलं तरी त्यांचा त्यावर विश्वास नसायचा. मान थोडी वाकडी करून त्या स्वतः सगळ्या टेबलांवरून नजर फिरवायच्या. एखादी रिकामी खुर्ची दिसली की “तो चष्मेवाला कुठं गेला?” असं विचारायच्या, आणि तो चष्मेवाला हात धुऊन येईपर्यंत तव्यावर भाकरी टाकायच्या नाहीत. बाकीची मंडळी भुकेनं चुळबुळत असायची. त्याचं त्यांना काही वाटायचं नाही. एकाच्या ताटात गरम आणि दुसऱ्याच्या ताटात गार भाकरी वाढणं हे त्यांच्या लेखी जवळजवळ पाप होतं.

दोन हजार सालानंतरच्या त्या पहिल्या काही वर्षांत तुमच्यापैकी कुणी गंगापूर धरणाच्या बाजूला द्राक्षमळे बघायला आला असाल, तर कदाचित तुम्ही त्यांच्या हातचं जेवला असाल. वाईनचं नाव आता तुमच्या लक्षात नसेल. पण बाजरीची भाकरी, शेंगोळे आणि वर “अजून घ्या, घरी जाऊन कोण करून देणारे?” असं दटावणारी एक ठेंगणी, सावळी बाई आठवत असेल, तर त्याच आक्का. त्यांना नाव होतं, पण ते फक्त मतदानाच्या दिवशी वापरात यायचं. एरवी मालकापासून माळ्यापर्यंत सगळ्यांच्या त्या आक्काच.

माझी त्यांची ओळख मात्र त्याच्याही आधीची, पंचवटीतली. नव्वदच्या सुमाराला माझ्या मामांचं रामकुंडाजवळ यात्रेकरूंसाठी एक लहानसं लॉज होतं. वर खोल्या, खाली जेवणघर. मी बी.कॉम. होऊन नोकरी शोधत होतो. “तोपर्यंत काउंटरवर बस,” असं मामा म्हणाले, आणि मी तिथं बरीच वर्षं बसलो.

आक्का मखमलाबादहून यायच्या. घरची मेथी-कोथिंबीर घेऊन पहाटे निघणाऱ्या टेंपोत त्या बसायच्या, बाजारात भाजी उतरवायच्या आणि तिथून चालत आमच्याकडे. त्यांच्या केसांना कधीकधी कोथिंबिरीचं पान चिकटलेलं असायचं. आल्या की आधी काउंटरशी थांबून विचारायच्या, “कोण कोण आलंय?” नावं नको असायची त्यांना. कुठले लोक आहेत, कशाला आलेत, बरोबर म्हातारं माणूस आहे का, लेकरू आहे का, एवढं सांगितलं की पुरे. त्यावरून डाळ किती पातळ आणि तिखट किती, ते ठरायचं.

नाशिकला तेव्हा बाहेरून येणारा माणूस बहुतेक वेळा काहीतरी दुखणं घेऊनच यायचा. कुणाच्या अस्थी असायच्या, कुणाला त्र्यंबकला जाऊन ग्रहांची शांत करून घ्यायची असायची. सगळं उरकून, केस ओले, डोळे लाल, अशी ती माणसं आमच्या जेवणघरात येऊन बसायची. त्यांच्याशी काय बोलावं हे मला कधीच कळलं नाही. मी आपला पावतीपुस्तकात डोकं घालायचो.

एकदा सटाण्याकडचे एक गृहस्थ आले होते. वडिलांच्या अस्थी विसर्जन करून आलेले, पन्नाशीचे, चांगले धिप्पाड. बरोबरची माणसं जेवली, पण यांनी ताटाला हात लावला नाही. भाऊ समजावतो, मेहुणा समजावतो, हे आपले भिंतीकडे बघत बसलेले. आक्कांनी दारातून पाहिलं, बाहेर आल्या आणि समोरच्या बाकावर जाऊन बसल्या. जेवा म्हणाल्या नाहीत. “वडलांना काय आवडायचं?” एवढंच विचारलं.

त्या गृहस्थांनी भिंतीवरची नजर काढली. मग म्हणाले, “मना बापले भरीत आवडे.”

आणि बोलायला लागले. बाप शेतातच काट्याकुट्यांचा जाळ करून वांगी कशी भाजायचा, भाजताना कुणाला जवळ येऊ द्यायचा नाही, सगळं सांगितलं त्यांनी. आक्का ऐकत राहिल्या आणि मग उठून आत गेल्या. मामा स्वयंपाकघरात धावले. “अहो, सुतकातला माणूस आहे तो, असलं काही चालत नाही.” आक्का वांगी उलटत म्हणाल्या, “कांदा-लसूण नाय घालत. वांग्याला काय सुतक?”

ते गृहस्थ जेवले. जेवता जेवता रडले, पण जेवले. मी नंतर आक्कांना विचारलं, तुम्हाला हे सुचतं कसं? त्या म्हणाल्या, “त्यात सुचायचं काय? दुखात असलेल्या माणसाला जेवा म्हटलं की राग येतो. गेलेल्या माणसाचं विचारलं की तो बोलतो. बोललं की भूक लागती.”

पुढे पंचवटीत मोठी हॉटेलं झाली, गरम पाण्याचे गीझर आले, खोलीत टीव्ही आला. आमच्याकडे यातलं काहीच नव्हतं. मामांनी लॉज विकलं. आक्का पुन्हा भाजीच्या टेंपोबरोबर बाजारात बसायला लागल्या आणि मला, आयुष्यात पहिल्यांदा, खरी नोकरी लागली. तीही कुठे, तर वायनरीत.

आमचे मालक नाशिकचेच. परदेशात इंजिनिअर म्हणून राहून आले होते आणि वडिलांच्या जमिनीवर त्यांनी वाईनची द्राक्षं लावली होती. आम्ही त्यांना साहेब म्हणायचो. उत्साही माणूस. शनिवार-रविवार मुंबईहून पाहुणे यायला लागले की साहेब त्यांना स्वतः हिंडवायचे आणि सुरुवात थेट गुलशनाबादपासून करायचे. मोगलांच्या काळात या गावाचं नाव गुलशनाबाद होतं, इथं सगळीकडे फुलंच फुलं होती, ही काळी माती, ही गोदावरी, ही थंडी. पाहुणे मान हलवायचे, पण त्यांचे डोळे टेबलावरच्या ग्लासांवर असायचे.

अडचण वेगळीच होती. पाहुणे उन्हातून, लांबचा प्रवास करून यायचे. आम्ही त्यांना एकामागून एक वाईन चाखायला द्यायचो आणि सोबत चीजचे चौकोनी तुकडे आणि बाटलीतली ऑलिव्ह. दुपारपर्यंत निम्मी मंडळी झोपाळलेली आणि निम्मी भांडायला उठलेली. एकदा एक बाई द्राक्षांच्या ओळीतच आडव्या झाल्या. साहेब काळजीत पडले. मी म्हटलं, “यांना जेवायला घालू या. माझ्या माहितीत एक बाई आहेत.”

मी मखमलाबादला गेलो. आक्कांचं घर मळ्यातच, पुढे पडवी, बाजूला द्राक्षाचा मांडव. त्यांचे यजमान, ज्यांना सगळे तात्या म्हणत, खाटेवर बसून छाटणीच्या कात्रीला धार लावत होते. तात्या फारसं बोलणारे नव्हतेच. मी कामाचं सांगितल्यावर त्यांनी कात्री बाजूला ठेवली आणि आक्कांकडे पाहिलं.

“दारूचा कारखाना म्हण की,” आक्का म्हणाल्या.

“वाईन आहे आक्का. द्राक्षाची.”

“आंबवत्यात ना?”

“हो.”

“मग झालं तर.” त्यांनी तो विषय संपवला. मी उठायच्या बेतात होतो, तेवढ्यात त्यांनी विचारलं, “आलेले लोक खातात काय तिथं?”

मी चीज आणि ऑलिव्ह सांगितलं.

“आणि जेवायला?”

“जेवायला काही नाही.”

आक्का तात्यांकडे वळून म्हणाल्या, “मुंबईहून येत्यात आणि उपाशी पोटी पित्यात. आतडी जळतील ना त्यांची.” दुसऱ्या आठवड्यात आक्का कामाला आल्या. अट एकच. बाटलीला आणि ग्लासाला त्या हात लावणार नाहीत, धुवायलासुद्धा.

तिथं त्यांना धक्का बसला तो पाहुण्यांच्या पिण्याचा नव्हे, थुंकण्याचा. वाईनचे जाणकार चव घेतात, तोंडात खळबळवतात आणि समोरच्या भांड्यात टाकतात. आक्कांनी ते खिडकीतून पाहिलं आणि मला बोलावून घेतलं.

“त्यांना आवडलं नाय का?”

“आवडलं की.”

“मग थुंकलं कशाला?”

“पुढच्या वाईन चाखायच्या असतात, म्हणून.”

“माझ्या आमटीचं असं कुणी केलं तर सांगून ठेवते,” त्या म्हणाल्या आणि ते भांडं त्यांच्या खिडकीतून दिसणार नाही अशा जागी हलवायला लावलं.

साहेबांचीही एक तक्रार होती. ठेच्यानं जीभ भाजली की वाईनची चव कळत नाही. आक्कांनी ते ऐकून घेतलं आणि दोन ठेचे करायला लागल्या. एक पाहुण्यांचा, त्यात दाण्याचा कूट जास्त. दुसरा आमचा. हळूहळू पाहुण्यांना दुसऱ्या ठेच्याचा पत्ता लागला आणि ते स्वयंपाकघराच्या खिडकीशी येऊन, वाटी पुढे करून, तो मागायला लागले. मोठ्या कंपन्यांतले साहेब लोक, मळ्यात फोटो काढून दमलेल्या त्यांच्या बायका, सगळे त्या खिडकीशी. कोण जास्त प्यायलंय हे आक्कांना लांबून कळायचं. त्याच्यापुढे न मागता ताकाचा तांब्या जायचा. “हे आधी संपवा, मग बोला,” असं त्या म्हणायच्या, आणि ऑफिसात शंभर माणसांना ओरडणारा माणूस ताक संपवायचा.

एका पाहुणीनं त्यांना विचारलं होतं, इथं पहिल्यापासून द्राक्षंच होती का? आक्का भाकरी थापता थापता म्हणाल्या, “मी लग्न होऊन आले तेव्हा आमच्या मळ्यात गुलाब होता. सासूबाई पाटी डोक्यावर घेऊन जायच्या इकायला. मग पेरू लावले, मग कोबी. मग भोकरी आली, ती द्राक्षं गोड असायची पण साल जाड. मग बियांवाली गेली आणि बिनबियांची आली. आता लोक पुन्हा बियांवाली लावायला लागलेत, वाईनसाठी.” आणि हसल्या. “जमीन तीच हाय. आम्हीच मेलं नवं नवं काढतो.” साहेब तिथंच उभे होते. पुढच्या रविवारपासून गुलशनाबादनंतर सासूबाईंची गुलाबाची पाटीही त्यांच्या गोष्टीत आली. आक्कांना ते फार आवडलं. “म्हातारीला कधी कुणी एवढं इचारलं नव्हतं,” त्या म्हणाल्या.

असं सगळं बरं चाललेलं असताना आक्कांच्या मुलीचं लग्न ठरायला आलं.

एकुलती एक मुलगी. बी.एड. करत होती. बोलायला आईसारखी आणि गप्प बसायला बापासारखी, म्हणजे दोन्ही बाजूंनी अवघड, असं आक्का म्हणायच्या. स्थळ दिंडोरी तालुक्यातलं होतं. मुलगा सातपूरला कंपनीत, घरची बागायत, माणसं प्रतिष्ठित. बघणं झालं, पसंती झाली. आक्का त्या दिवसांत स्वयंपाक करताना गुणगुणायच्या. आणि मग मध्यस्थानं निरोप आणला. मुलीची आई दारूच्या कारखान्यात कामाला आहे असं त्या लोकांच्या कानावर आलं होतं. आधी सांगितलं का नाही, असं त्यांनी विचारलं होतं.

तात्या म्हणाले, “सोड काम.” दोनच शब्द. आक्कांनी मला हे सांगितलं तेव्हा त्या लसूण सोलत होत्या. सोललेल्या पाकळ्या सालांत टाकत होत्या आणि सालं वाटीत.

“काय करणार?” मी विचारलं.

“त्यांना म्हणावं एकदा येऊन बघा. काय काम करते ते बघा, जेवा आणि मग काय ते सांगा.”

ते लोक खरंच आले. माघ महिना, द्राक्षं उतरायचे दिवस. जीपमधून मुलाचे वडील, आई आणि काका उतरले. साहेब मुद्दाम बाहेर गेले होते, त्यामुळे सगळं दाखवायचं काम माझ्याकडे आलं. मुलाचे वडील मोठ्या टाक्यांकडे बघतच नव्हते. जणू बघितलं तरी विटाळ होईल. आम्ही माल उतरवायच्या धक्क्यापाशी आलो. क्रेट उतरवणाऱ्या टेंपोवाल्यानं त्यांना ओळखलं आणि लांबूनच नमस्कार घालून म्हणाला, “दादा, तुमची तोड झाली का? विंचूरच्या वायनरीत गेला ना यंदा तुमचा माल?”

दादांनी नुसती मान हलवली आणि आभाळाकडे पाहिलं. त्यांच्या पत्नी पदर सारखा करायला लागल्या. मी आतून धुमसत होतो. स्वतः द्राक्षं वाईनला घालायची आणि दुसऱ्याच्या बाईनं तिथं भाकरी भाजली की प्रतिष्ठा जाते? जेवायच्या वेळी हे बोलायचंच, असं मी ठरवून टाकलं.

आक्कांनी त्या दिवशी काळ्या मसाल्याची शेवभाजी केली होती, भाकरी, कढी आणि पुरणाचे मांडे. मांडे करणं काही खेळ नव्हे. हातावर ते पुरण भरलेलं पीठ फिरवत फिरवत पातळ करायचं आणि उलट्या खापरावर टाकायचं. त्या सकाळपासून खपत होत्या. मंडळी बसली. पहिला घास घेतल्यावर काकांच्या चेहऱ्यावरची इस्त्री मोडली. दुसऱ्या भाकरीनंतर मुलाचे वडील म्हणाले, “शेवभाजी चांगली झालीय.” मी संधी साधली. “दादा, मघाशी तो टेंपोवाला म्हणत होता, तुमचाही माल…”

“अरे, कढी वाढ त्यांना,” आक्का मोठ्यानं म्हणाल्या. “वाटी रिकामी दिसत नाय का तुला?”

मी कढी वाढली. मुलाच्या आईनं एकदाच विचारलं, “तुम्ही ते… ग्लास वगैरे भरून देता का लोकांना?”

“नाय बाई,” आक्का म्हणाल्या, “मी भाकरी वाढते.” आणि त्यांच्या ताटात भाकरी वाढली.

जीप गेल्यावर मी वैतागलो. मला बोलू का दिलं नाहीत, म्हणून विचारलं. आक्का खापर पुसत होत्या. “पोरगी द्यायची हाय का भांडण जिंकायचंय?” त्या म्हणाल्या. मग खापर भिंतीला टेकवून, “आणि जेवायला बसलेल्या माणसाला असं धरायचं नाय. घास अडकतो त्याचा.”

निरोप आला तो असा. जेवण उत्तम होतं, माणसं चांगली आहेत, मुलगी पसंत आहे. फक्त लग्नाआधी काम सोडा.

आक्कांनी फार विचार केला नाही. दुसऱ्या दिवशी येऊन साहेबांना सांगितलं की एवढा हंगाम उरकून मी थांबते. साहेबांचा चेहरा पडला, पण लेकीच्या लग्नापुढे ते काय बोलणार? मला वाईट वाटत होतं आणि रागही येत होता. आक्का मात्र सगळ्यांना समजावत होत्या, जणू काम आमचंच जाणार होतं.

त्याच आठवड्यात मुलगी आपल्या मोपेडवरून वायनरीवर आली. ती तिथं यापूर्वी कधी आली नव्हती. थेट स्वयंपाकघरात गेली. मी भाजीचा हिशोब करत तिथंच बसलो होतो.

“मी त्यांना नको म्हणून कळवलं,” ती म्हणाली.

आक्कांनी परात खाली ठेवली. “कुणाला विचारून?”

“तुला विचारलं असतं तर तू करून टाक म्हणाली असतीस.”

“मग? आईनं म्हटलं तर वाईट काय त्यात?”

“तुझ्या हातचं पोटभर जेवून गेले ना ते? मांडे बांधून पण नेले. आणि घरी जाऊन म्हणतात, सोड.” तिचा आवाज चढला नाही. “मला त्या घरात रोज जेवायचंय आई. माझ्या घशाखाली नाय उतरणार.”

आक्कांनी पीठ मळायला घेतलं, पाणी जास्त झालं, पीठ घातलं, कोरडं झालं, पुन्हा पाणी. मुलगी वाट बघून निघून गेली. त्या दिवशी पाहुण्यांना जाड, कडेला करपलेल्या भाकऱ्या मिळाल्या.

पुढचं वर्ष त्यांना जड गेलं. गावात लोक बोलले. ठरलेलं लग्न मुलीनं मोडलं म्हणजे काय, हे सांगायला नको. आक्का लेकीशी जेवढ्यास तेवढं बोलायच्या. तात्या माझ्याशी बोलेनासे झाले. वाटेत भेटले तर सायकल दुसऱ्या बाजूला घ्यायचे. त्यांच्या दृष्टीनं हे सगळं मी त्यांच्या पडवीत येऊन बसलो तिथून सुरू झालं होतं, आणि ते काही खोटं नव्हतं. काम मात्र आक्कांनी सोडलं नाही. मी एकदा विचारलं, तर म्हणाल्या, “आता सोडलं तर पोरीनं केलं ते फुकट जाईल.” रागावलेल्या होत्या, तरी हे त्यांना कळत होतं.

मग लासलगावचं स्थळ आलं. मुलगा कांद्याच्या मार्केटात एका व्यापाऱ्याकडे कामाला होता, वडील नव्हते, आईनं शिलाई करून वाढवलेला. या वेळी आक्कांनी पहिल्याच भेटीत सगळं सांगून टाकलं. मी वायनरीत स्वयंपाक करते, सोडणार नाय, चालत असेल तर पुढं बोलू. मुलाची आई ऐकून घेऊन म्हणाली, “रविवारी तुम्हाला बसायला पण मिळत नसेल ना?”

ही गोष्ट आक्कांनी मला किती वेळा सांगितली असेल. प्रत्येक वेळी त्या बाईचा आवाज काढून सांगायच्या आणि शेवटी म्हणायच्या, “बघ, तिनं आधी माझे पाय बघितले.”

लग्नात आक्कांना स्वयंपाकाकडे फिरकू द्यायचं नाही, असं लेकीनं मला बजावलं होतं. त्या जरीच्या साडीत अवघडून बसल्या होत्या आणि आचाऱ्याच्या मांडवाकडून धूर आला की मान उंचावत होत्या. “जिलेबीला पाक जास्त झालाय,” त्या माझ्या कानात म्हणाल्या. “इथून कसं कळलं?” “पोरांची बोटं बघ की.” पाठवणीच्या वेळी मायलेकी खूप रडल्या. मग लेक गाडीत बसली आणि आक्कांनी तिच्या मांडीवर शिदोरीचा डबा ठेवला. त्यात काय होतं कुणास ठाऊक. मला त्यांनी सांगितलं नाही.

आक्कांचे वायनरीतले शेवटचे दिवस फार सुखाचे गेले नाहीत. मध्ये धंदा बसला, पाहुणे कमी झाले. साहेबांना भागीदार घ्यावा लागला. भागीदारांनी मुंबईहून रेस्टॉरंट चालवणारी मंडळी आणली. ती मंडळी वाईट नव्हती. त्यांनी आक्कांना काढलं नाही, उलट त्यांना मधोमध मांडलं. अंगणात शोभेची चूल घातली, आक्कांना नऊवारी दिली. पाहुण्यांसमोर बसून त्यांनी भाकरी करायची, असं ठरलं.

पहिल्या रविवारी गर्दी झाली. आक्का भाकरी तव्यावरून काढून निखाऱ्यांवर लावायच्या, ती टम्म फुगायची, लोक टाळ्या वाजवायचे आणि कॅमेरे पुढे यायचे. “अशीच धरा जरा आजी.” आक्का भाकरी हातात धरून थांबायच्या. “घ्या ना आता, गार होतीय,” म्हणायच्या. अजून एक, अजून एक. तोपर्यंत भाकरी वाकडी होऊन जायची. संध्याकाळी त्यांनी नऊवारीची नीट घडी घातली, काउंटरवर ठेवली आणि मला म्हणाल्या, “गुडघा लय दुखतोय रे.” गुडघा दुखतच होता. पण त्या पुन्हा आल्या नाहीत.

मी अधूनमधून मखमलाबादला जायचो. मळ्याच्या कडेनं प्लॉट पडायला लागले होते, शेजारच्या द्राक्षबागेच्या जागी पाट्या लागल्या होत्या. तात्यांनी आपली बाग मात्र ठेवली होती. आक्का पडवीत बसून भाजी निवडायच्या आणि वायनरीतल्या प्रत्येक माणसाची चौकशी करायच्या. नंतर साखरेचं दुखणं वाढलं, पायाची जखम भरेना. जाऊन येऊन दवाखाना झाला. शेवटी शेवटी त्यांना जेवण जाईना. मी भेटायला गेलो तेव्हा लेक चमच्यानं पेज भरवत होती. आक्कांनी तोंड फिरवलं. “मला माहितीय तू काय करतेस ते,” त्या लेकीला म्हणाल्या, “आता गप्पा मारायला लागशील.” लेक हसली आणि तिला हुंदका आला. थंडीत आक्का गेल्या.

दिवसकार्य झाल्यावर काही आठवड्यांनी मी पुन्हा गेलो. लेक लासलगावला परतली होती. तात्या बागेत होते. मला पाहून ते आले, खाटेवर बसायची खूण केली आणि घरात गेले. त्या जुन्या प्रकारानंतर आमचं बोलणं असं फारसं झालं नव्हतं. थोडा वेळ आतून डब्यांचे आवाज येत राहिले. बराच वेळ. शेवटी मीच आत गेलो.

तात्या ओट्यासमोर उभे होते. स्टोव्हवर दुधाचा चहा उकळत होता. फळीवरचे सगळे डबे त्यांनी खाली काढले होते आणि एकेकाचं झाकण उघडून आत बघत होते. एकात हरभऱ्याची डाळ, एकात बाजरीचं पीठ, एकात काळा मसाला. कशावरच काही लिहिलेलं नव्हतं. जिला माहीत होतं तिला लिहायची गरज नव्हती.

“साखर कुठं ठेवायची ती, कळत नाय,” ते म्हणाले.

“राहू द्या तात्या, बिनसाखरेचा चालेल मला.”

“नाय, थांब.” त्यांनी कोपऱ्यातल्या डब्यातून गुळाचा खडा काढला आणि चहात टाकला. दोघंही आम्ही भांड्याकडे बघत राहिलो. कडेनं पांढऱ्या गुठळ्या दिसायला लागल्या.

“फुटला वाटतं,” तात्या म्हणाले.

“जरासा.”

त्यांनी तो तसाच दोन कपांत गाळला. आम्ही बाहेर येऊन खाटेवर बसलो. बागेत घडांत पाणी उतरून द्राक्षं पिकायला सुरुवात झाली होती, वाऱ्याला गोडसर वास होता. तात्यांनी एक घोट घेतला, तोंड वाकडं केलं आणि माझ्याकडे पाहिलं.

“पी,” ते म्हणाले. “गार व्हायच्या आत.”

मी सगळा प्यालो.